‘कॉम्प्लिकेशन झालं’ म्हणे हॉस्पिटलवाले. अहो, पण झालं काय, ते सांगणारे कागद कुठायत?

जसं काही वळवाचा पाऊस पडला, त्याला कोण काय करणार! पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन, दोन दिवसांत घरी, असं सांगितलेलं. तिसऱ्या दिवशी ड्रेनच्या (पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीत हिरवट पित्त, अंगात ताप, डोळे पिवळे, आणि रात्री अकराला अँब्युलन्स निघते. घाट चढून कोल्हापूर, नाहीतर गोव्यात बांबोळीचं मेडिकल कॉलेज. हातात अर्धं पान: ‘रेफर्ड टू हायर सेंटर’, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात न्या. तेवढ्यावरून पुढच्या डॉक्टरने काय करायचं, देवाला कौल लावायचा?

पित्तनलिकेला इजा होऊ शकते, मान्य. सूज असली, आतलं सगळं चिकटलेलं असलं की नलिका ओळखताना मुरलेला सर्जनही चुकतो. इजा झाली म्हणजे निष्काळजीपणाच, असं कोणी म्हणत नाहीये. पण झाली कधी, कळली कधी, कळल्यावर किती तास थांबलात, हे विचारलं की दातखीळ का बसते? उत्तर ड्रेन चार्टवर असतं. किती मिली आलं, रंग कोणता, नर्स वेळ घालून लिहिते. आदल्या दुपारी ‘बाईल’ (पित्त) लिहिलंय आणि रेफर दुसऱ्या रात्री, तर मधले तास कुठे गेले? नेमका तोच कागद मिळत नाही.

डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हे! मागायचे ते पूर्ण इनडोअर (भरती असतानाचे) केसपेपर, पानांना नंबर घालून: ऑपरेशन नोट, भूल नोट, संमतीपत्र, नर्सिंग आणि ड्रेन चार्ट, रक्ताचे रिपोर्ट, सीटीची सीडी. दुर्बिणीचं रेकॉर्डिंग केलं असेल तर तेही.

मग काउंटरवरचं ठरलेलं रडगाणं. ‘सर शनिवारीच येतात.’ (चार ऑपरेशनं उरकून सर गेले, पेशंट मात्र इथेच.) ‘आधी बिल भरा.’ ‘कोर्टाचा कागद आणा.’ थापा सगळ्या! मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत स्पष्ट आहे: रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केली की पोच द्यायची आणि 72 तासांत कागद द्यायचे. शनिवारचं, बिलाचं त्यात नाव नाही.

तोंडी मागूच नका. अर्जाच्या दोन प्रती, आपल्या प्रतीवर तारीख, वेळ, शिक्का. शिक्का मारत नाहीत? स्पीड पोस्टने पाठवा, पोचीसकट. झेरॉक्सचे पैसे द्या, पावती घ्या. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये, 30 दिवस.

आणि ते ‘गणपतीला मुंबईहून झील (मुलगा) येतलो, मगे बघूया’ आधी बंद करा. रेकॉर्ड ठेवायचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षांचं, पण ग्राहक आयोगाकडे तक्रार घेऊन जायची मुदत 2 वर्षांचीच. दोन गणपती बघताबघता जातात.