आधी दुखणे तपासावे
स्वमग्न (ऑटिझम असलेली) किशोरवयीन मुले स्वतःला इजा करून घेतात ती लक्ष वेधण्यासाठी, म्हणून तिकडे दुर्लक्ष करावे, हा एका लेखात वाचलेला सरसकट सल्ला मला धोक्याचा वाटतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्येच दाखवून दिले होते की वरवर एकसारखे दिसणारे हे वर्तन निरनिराळ्या मुलांमध्ये निरनिराळ्या कारणांनी टिकून राहते. कोणाला नकोशा कामातून सुटका मिळते, कोणाला माणसांचे लक्ष, तर कोणाच्या बाबतीत बाहेरचे कारण सापडतच नाही.

त्याहीआधी शरीर तपासायला हवे. माझा भाचा बोलत नाही. पंधराव्या वर्षी तो उजव्या जबड्यावर, नेमका त्याच जागी, मुठीने मारू लागला. घरच्यांनी त्याचे खापर नागपूरच्या मे महिन्यावर आणि कूलरच्या घरघरीवर फोडले (आवाजाचा त्रास त्याला आहेच), पण दंतवैद्यांनी पाहिले तेव्हा मागच्या दाढेच्या मुळाशी पू झालेला होता. कान, बद्धकोष्ठता, आम्लपित्त, मुलींच्या बाबतीत पाळीच्या वेदना, हे सारे त्याच रांगेतले.

अमेरिकेत 2006 मध्ये स्वमग्न मुलांच्या चिडचिडीसाठी (त्यात स्वतःला इजा करणेही आले) मान्यता मिळालेल्या रिस्पेरिडोन या औषधाला माझा विरोध नाही; तथापि त्याने भूक व वजन वाढते आणि किडलेली दाढ तशीच राहते. डोके आपटण्याने तर डोळ्याचा पडदाही सुटू शकतो, त्यामुळे अशा वेळी मध्ये उशी धरावी, कमीत कमी बोलावे आणि नंतर वेळ व आधी काय घडले ते वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे.