‘मालकाचे वकील’ म्हणालात, त्यावर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘परवानगीने राहणाऱ्याला मालक कधीही उठवू शकतो’ हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला मालकाच्या वकिलाचं वाटलं. काकांची हकीकतही तुम्ही सांगितलीत. मित्राच्या रिकाम्या घरात वीस वर्षं मुक्काम, भाडं नाही, कागद नाही, मागे स्वतःच्या पैशाने बांधलेली एक खोली. मित्र वारला आणि आता त्याचा मुलगा जागा सोडा म्हणतोय. ‘बारा वर्षांनी घर राहणाऱ्याचं होतं, एवढंही ठाऊक नाही?’ हा तुमचा प्रश्न.

आधी बारा वर्षांचं बोलू. ही मुदत 1963च्या मुदत कायद्यातली, अनुच्छेद 65. पण ती मोजायची ताबा मालकाच्या विरोधात गेला, म्हणजे मालकाला न जुमानता राहणारा जागा आपलीच म्हणू लागला, त्या दिवसापासून, राहायला आलो त्या दिवसापासून नाही. काका मित्राच्या होकाराने राहिले, म्हणजे मोजणी सुरूच झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय: फुकट राहायला दिलेला माणूस कितीही दशकं राहिला तरी त्याला मालकी मिळत नाही. वीजबिल काकांच्या नावावर असेल, तर तो राहत असल्याचा पुरावा झाला, मालकीचा नाही. आणि ‘मित्राने राहा म्हटलं’ व ‘आता मीच मालक’ ही दोन वाक्यं एकाच दाव्यात आली की एक दुसऱ्याला खाऊन टाकतं. असा सल्ला कुणी दिला असेल तर जरा जपून.

1882च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 52मध्ये परवान्याची, म्हणजे काकांसारख्या परवानगीची, व्याख्या आहे: एरवी जे बेकायदा ठरलं असतं ते करायची मोकळीक, जागेत हितसंबंध, म्हणजे जागेवर स्वतःचा हक्क, मात्र काही नाही. हे मला पुस्तकापेक्षा घरात जास्त कळलं. आम्ही सहा वर्षं एका नातेवाईक बाईंच्या मागच्या खोलीत काढली. दुसरी किल्ली त्यांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला. त्या न विचारता आत यायच्या, आमच्या कॉटखालची त्यांची ट्रंक ओढायच्या, पांघरुणं काढून घ्यायच्या, आईशी दोन शब्द बोलून जायच्या. कुणाला काही वाटायचं नाही. भाडेकरूच्या खोलीत असं कोण शिरेल?

आता तुमचं बरोबर कुठे ते. ‘कधीही’ हा शब्द माझा ढिला होता. त्याच कायद्याचं कलम 60 म्हणतं की परवानगीच्या भरवशावर माणसाने कायम स्वरूपाचं बांधकाम केलं आणि त्यावर खर्च केला, तर परवाना मागे घेता येत नाही. एका शाळेने अशाच परवानगीच्या जागेवर पक्क्या खोल्या बांधल्या होत्या. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने हाच आधार घेऊन शाळेच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे काकांची मागची खोली हाच तुमचा खरा मुद्दा, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकून टाकलात! रंगरंगोटी, गळतीची डागडुजी यात धरत नाहीत. भिंत, छत, पाया लागतो. शिवाय मित्राने ‘बांध’ म्हटलं होतं, की खोली झाल्यावर त्याला कळलं? इथेच सगळं अडतं. अर्थात हे सिद्ध झालं तरी काकांना उठवता येणार नाही एवढंच. घर त्यांच्या नावावर होणार नाही.

आणि परवाना रीतसर संपला तरी सामान आवरून निघायला वाजवी वेळ द्यावा लागतो, कलम 63. रातोरात कुलूप लावायची मोकळीक त्यात नाही. हे मूळ लेखात यायला हवं होतं.

उलट एक धोकाही लक्षात ठेवा. कलम 59 प्रमाणे मालकाने जागा विकली की घेणारा त्या परवानगीला आपोआप बांधील राहत नाही. मुलगा गिऱ्हाईक शोधत असेल तर थांबून चालणार नाही.

खोली बांधली त्या वर्षाची विटा-सिमेंटची बिलं, गवंड्याला दिलेल्या पैशांची नोंद, मित्राची एखादी चिठ्ठी, काहीही सापडतंय का बघा आणि ते घेऊन वकिलाकडे जा. लेखातला ‘कधीही’ मी आज सकाळी काढला.