कव्हरापायी लेबल बुडत नाही, बाब!

परवापासून गोव्यातल्या आमच्या गाण्याबजावण्याच्या सगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय, की इंग्लंडातल्या मँचेस्टरचं फॅक्टरी रेकॉर्ड्स हे लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, एका महागड्या कव्हरापायी बुडालं, कलाकारांशी कॉन्ट्रॅक्ट नव्हतं म्हणून रस्त्यावर आलं, तेव्हा पोरांनो, लेबलवाला सांगेल तिथे सही करा. चुकीचं आहे हे.

आधी कव्हर. फॅक्टरीच्या न्यू ऑर्डर या बँडच्या 'ब्लू मंडे' गाण्याची ती १२ इंची रेकॉर्ड मी म्हापशाला एका दोस्ताकडे हातात घेऊन बघितलीय. फ्लॉपी डिस्कसारखं कव्हर, तीन जागी कापलेलं, त्या भोकांतून आतलं चंदेरी पाकीट दिसतं, बँडचं नाव नाही की गाण्याचं नाही, नुसते रंगांचे चौकोन. महाग पडलं हे खरं, तोट्याचा आकडा मात्र जो तो वेगळा सांगतो, आणि नंतरच्या छपाईत ती भोकं काढूनच टाकली. रेकॉर्ड आली १९८३ला, कंपनीचं दिवाळं वाजलं नोव्हेंबर १९९२ला. मधली नऊ वर्षं कुठे गेली?

पैसा खाल्ला तो हासिएंडाने. फॅक्टरीने मँचेस्टरमध्ये १९८२ला उघडलेला क्लब, न्यू ऑर्डरची कमाई त्यात ओतत राहिले, पुढे अॅसिड हाउस या नाचाच्या संगीताच्या दिवसांत आत पाय ठेवायला जागा नसायची पण एक्स्टसीची नशा केलेली पोरं पाणीच प्यायची, बारचा गल्ला रिकामा. (कळंगुटच्या कुठल्याही क्लबवाल्याला विचारा, बार चालला नाही तर काय होतं.) त्यात १९९०ला चार्ल्स स्ट्रीटवर मोठं ऑफिस केलं आणि मंदी आली, हॅपी मंडेज या दुसऱ्या बँडचं रेकॉर्डिंग बार्बाडोसला नेलं त्यात खर्च हाताबाहेर गेला, न्यू ऑर्डरचा अल्बम लांबला.

आता कॉन्ट्रॅक्ट. लंडन रेकॉर्ड्स फॅक्टरी विकत घ्यायला आले तेव्हा कळलं की न्यू ऑर्डरच्या गाण्यांचे हक्क बँडकडेच आहेत, मग सौदा फिसकटला. म्हणजे बुडताना हात मिळाला नाही, पण बुडाले ते आधीच, कर्जाने. आणि न्यू ऑर्डर स्वतःची गाणी घेऊन थेट लंडन रेकॉर्ड्सकडे गेले, १९९३ला अल्बमही आला.

म्हणून सही करण्याआधी मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कोणाकडे राहणार एवढं तरी वाचा. माझ्या बाबांनी एका कॅसेट कंपनीच्या कागदावर न वाचता सही केली होती. कॅसेटवर फोटो त्यांचा, आवाज त्यांचा, आणि त्यांच्या वर्षश्राद्धाच्या व्हिडिओत आम्ही त्यातला एक अभंग लावला तर कॉपीराइटची नोटीस आली. आईने विचारलं, ह्यांचा आवाज आपला नाही? मी व्हिडिओ काढून टाकला.