आम्ही रूनस्केपवाले!
ऑनलाइन खेळांवरच्या एका लेखात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाच्या आठवणी वाचल्या, पण त्याचे महिन्याचे पैसे कोण देणार? आम्ही रूनस्केपवाले. रूनस्केप हाही तसाच ऑनलाइन खेळ, पण तो जावा या तंत्रावर ब्राउझरमध्येच चालायचा, त्यामुळे सायबर कॅफेवाल्या काकांना काही इन्स्टॉल करा म्हणून गळ घालावी लागायची नाही. आणि फुकट!

खेळातल्या पोर्ट सरिम बंदरातून ३० नाणी देऊन बोटीने कारामजा बेटावर जायचं, शेवंडी पकडायच्या (घरच्या ताटात कधी पडल्या नाहीत, तो भाग वेगळा), पिशवी भरली की परत बोट आणि ड्रेनॉर गावातल्या बँकेपर्यंत पायपीट. याला आम्ही 'साहस' म्हणायचो. खरी धडकी भरायची ती खेळातल्या वाइल्डरनेस नावाच्या भागात. तिथे दुसरा खेळाडू तुम्हाला मारून सामान घेऊन पसार होई. शिवाय 'तुझं चिलखत फुकटात सोनेरी करून देतो' म्हणणारे भामटे होतेच. आमच्यातला एक जण भोळेपणाने देऊन बसला, दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

डिसेंबर २००७ मध्ये वाइल्डरनेसमधली ती मारामारी बंद केली आणि माझ्या मते खेळातला जीवच गेला. २०१३ मध्ये खेळ बनवणाऱ्या कंपनीने २००७ चीच आवृत्ती 'ओल्ड स्कूल' नावाने परत आणली, ती आता मोबाइलवरही चालते. इथे कोणी अजून खेळतं का?