ट्रकच्या दारावरची जाहिरात: फिरणाऱ्या मेसेजमधला एकेक दावा

मराठवाड्यातल्या गाडीमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ट्रकच्या, कंटेनरच्या मागच्या दारावर काढता-घालता येणारी जाहिरात लावा. ती कायमची नसल्यामुळे आरटीओची परवानगी लागत नाही. मागचं दार तसंही रिकामंच असतं. चुंबकाने नाहीतर दोरीने कुठल्याही गाडीवर बसते, दाराला काही होत नाही, आणि घरबसल्या दरमहा पैसे सुरू. फक्त आधी नोंदणीची रक्कम भरा.

यातली मूळ कल्पना मला पटते. आपल्याकडे जाहिरातींना हंगाम असतो. मृगाच्या आधी बियाणं-खताच्या कंपन्या, निकालाच्या सुमारास लातूर-नांदेडचे क्लास, दिवाळीआधी कापड दुकानं. दोन महिन्यांनी बदलणारी जाहिरात दारावर रंगवून घेण्यात अर्थ नाही, तिथे बदलता येणारा पत्रा किंवा फ्लेक्सच हवा. पण मेसेजमधल्या जवळपास प्रत्येक वाक्यात खोट आहे, आणि काही खोटी जिवावर बेतणाऱ्या आहेत.

पहिला दावा परवानगीचा. परिवहन वाहनावर जाहिरात लावायला परिवहन विभागाची परवानगी लागते आणि तिची फी भरावी लागते. प्रश्न गाडीवर जाहिरात दिसते की नाही एवढाच आहे. ती रंगवली, चिकटवली की हुकात अडकवली, याने काही बदलत नाही. मालकाचं नाव-पत्ता, गाडीचं वजन हे गाडीवर लिहिणं वेगळं, ते नियमानेच लिहावं लागतं. ‘पासिंगला जाताना काढून ठेवा’ असंही मेसेजमध्ये सुचवलंय. पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, आठ वर्षांपर्यंतच्या गाडीचं दोन वर्षांतून एकदा, त्यापुढच्या गाडीचं दरवर्षी होतं. गाडी रस्त्यावर मात्र रोज असते, आणि नियमही रोजच लागू असतो.

दुसरा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो: मागचं दार रिकामं असतं म्हणे. मागच्या दाराच्या कडेने लाल परावर्तक पट्टी असते, ज्याला आपण सगळे रेडियम म्हणतो. पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल, हा क्रम उगाच ठरवलेला नाही. गाडी बंद पडून रस्त्याच्या कडेला उभी असेल, बॅटरी उतरलेली असेल, तेव्हा मागून येणाऱ्याला वाचवणारी तेवढीच एक गोष्ट उरते. बीड, धाराशिव, परभणीत ऊस सुरू झाला की रात्री विना-लाइट ट्रॉल्यांवर आदळून माणसं जातात, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. ट्रॉलीला रेडियम लावा म्हणून दर हंगामात ओरडायचं आणि ट्रकचं असलेलं रेडियम फ्लेक्सखाली झाकायचं, हे चालणार नाही. त्यातून फाळक्याच्या, म्हणजे मागे खाली उघडणाऱ्या फळीच्या गाडीवर वरून सोडलेला फ्लेक्स वाऱ्याने खाली सरकत टेललाइट आणि नंबरप्लेटवर येतो. म्हणून माप घेताना आधी रेडियमची चौकट, लाइट, नंबरप्लेट सोडायची आणि उरलेल्या जागेतच जाहिरात बसवायची. जागा उरली नाही तर त्या दारावर जाहिरात नको.

मुंबईजवळच्या जेएनपीए बंदराकडे जाणारे निर्यातीचे कंटेनर तर मोजूच नका. तो डबा बहुतेक वेळा जहाज कंपनीचा असतो. दारावर त्याचा चार अक्षरं-सात आकड्यांचा नंबर आणि सुरक्षा मंजुरीची पाटी असते. ते झाकायचा हक्क ट्रकमालकाला नाही.

आता ‘कुठल्याही दारावर बसते’. चुंबक लोखंडी पत्र्याला धरतं. ॲल्युमिनियमच्या किंवा फायबरच्या बॉडीला धरत नाही, म्हणजे थंड मालाच्या बहुतेक गाड्या इथेच बाद. लोखंडी दार असलं तरी ते नालीदार असतं. चुंबकाची शीट फक्त उंचवट्यांना टेकते आणि मधे हवा राहते. जालन्यात भंगार घेऊन येणाऱ्या गाड्यांचं आणखी एक आहे. रोलिंग मिलच्या आवारात लोखंडाची बारीक भुकटी उडत असते, ती चुंबकाला चिकटते आणि गाडीच्या हादऱ्यांनी दाराच्या रंगावर घासत राहते. महिन्याभराने शीट उचलून बघा, खाली बारीक ओरखडे आणि पावसाळा असेल तर गंजाचे ठिपके दिसतात.

दोरीचं तर विचारू नका. दोन्ही दारांवर मिळून एक मोठा फ्लेक्स ताणायचा आणि आयलेटमधून, म्हणजे कडेच्या धातूच्या भोकांतून, प्लास्टिकच्या झिप टाय ओढायच्या, अशी ती पद्धत. छापून आल्यावर फोटोला छान दिसतं. पण माल उतरवायला दार उघडायचं तर चालक टाय कापणार. परत बांधायला त्याच्याकडे टाय नसतात, मग सुतळी येते. पुढच्या वेळी चारऐवजी दोनच कोपरे बांधले जातात. चालकाला दोष देता येत नाही, त्याला गाडी लवकर रिकामी करायची असते. मागचं दार दोन झडपांचं असेल तर जाहिरातही दोन तुकड्यांतच हवी, मधल्या फटीवरून एकही पट्टी जाता कामा नये.

वाऱ्याचा हिशेबही मेसेजवाल्याने केलेला नाही. ताशी 80 किलोमीटर वेगाला समोरून येणारा वारा एक चौरस मीटर सपाट पृष्ठभागावर जवळपास 30 किलोचा दाब टाकतो, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. मागच्या दारावर एवढा थेट दाब येत नाही हे खरं. तिथे वारा उलटा ओढतो आणि सारखी दिशा बदलत फडफडवतो, त्यात आयलेट फाटतात. केबिनच्या दारावर मात्र पुढची कड जराशी सुटली तरी वारा आत शिरतो आणि शीट उचलूनच नेतो. समृद्धी महामार्गावर सुटलेली शीट मागच्या मोटारीच्या काचेवर बसली तर काय होईल ते सांगायला नको. जबाबदार कोण, याची चौकशी गाडीमालकापासूनच सुरू होते.

‘दाराला काही होत नाही’ हा दावा बॉडीच्या प्रकारावर अवलंबून आहे. कंटेनर बॉडीचं दार नीट बघा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या गोदामात गाडी फलाटाला लावताना दार नुसतं उघडत नाहीत, पूर्ण फिरवून बॉडीच्या बाजूला टेकवतात आणि हुकात अडकवतात. तेव्हा दाराची बाहेरची बाजू बॉडीच्या भिंतीला लागते. लॉकचे उभे रॉड आणि हँडल जेवढे बाहेर असतात, तेवढीच फट मधे उरते. जाहिरात बसवायच्या फ्रेमची जाडी त्याहून जास्त असेल तर दार हुकापर्यंत जात नाही, आणि जोर लावला तर फ्रेम तरी वाकते किंवा बॉडीचा पत्रा तरी चेपतो. हे माप न घेता बनवलेल्या फ्रेमा पहिल्याच खेपेत मोडतात.

भोकांचंही तसंच. पत्र्याच्या मध्यभागी रिव्हेट मारला की पावसाचं पाणी आत जातं. आत सोयाबीन किंवा तूरडाळ असेल तर ओल्या पोत्यांची भरपाई कुणाच्या भाड्यातून कापली जाणार, हे गाडीमालकाला माहीत आहे. थंड मालाच्या बॉडीत तर भोक नकोच, आतल्या फोममध्ये ओल गेली की गाडी थंडावा धरत नाही. साध्या लोखंडी दारावर पातळ ॲल्युमिनियमची पट्टी कायमची बसवावी, ती दाराच्या चौकटीच्या जाड भागावर, बंद तोंडाच्या रिव्हेटने. भोकाला आधी प्रायमर आणि रिव्हेटच्या डोक्याखाली सीलंट लावावा. मग छापील शीट त्या पट्टीच्या खाचेतून सरकवून ताणायची. बदलायची ती शीट. पट्टीला हात लावायची वेळच येऊ नये.

राहिला पैशांचा मुद्दा. जाहिरातदार पैसे देतो ते बघणाऱ्या डोळ्यांचे. लातूरहून डाळ घेऊन हैदराबादला जाणाऱ्या ट्रकवर लातूरच्या क्लासची जाहिरात लावली, तर बहुतेक दिवस ती तेलंगणात फिरणार, त्या क्लासला तिचा काय उपयोग? रोज सकाळी सिडकोतून वाळूजला आणि संध्याकाळी परत जाणारा छोटा टेम्पो संभाजीनगरच्या जाहिरातदारासाठी जास्त कामाचा. त्यामुळे ‘गाडी कोणतीही चालेल, रक्कम सगळ्यांना सारखी’ असं जो म्हणतो, त्याच्याकडे खरा जाहिरातदार नाही असंच मी धरतो. मजकूर जास्त म्हणजे पैसे जास्त, असं कुणाला वाटत असेल तर तेही चूक. 30 मीटर अंतरावरून सहज वाचता यायचं तर अक्षर 20 ते 25 सेंटिमीटर उंच लागतं. म्हणजे दारावर एक नाव आणि एक ओळ मावते. बारीक अक्षरात पत्ता-फोन भरला की वाचायला मागचा मोटारसायकलवाला ट्रकच्या बुडाशी येतो, आणि तिथे त्याला कुणी यायला लावू नये.

नोंदणीची रक्कम कुणी आधी मागितली तर देऊ नका. जागा तुमची आहे, पैसे तिकडून यायला हवेत. खरं काम असेल तर जाहिरातदाराच्या नावाचा लेखी करार मागा. त्यात महिन्याची रक्कम आणि ती कोणत्या तारखेला खात्यात जमा होणार हे असावं. परवानगीची फी कोण भरणार, शीट फाटली तर नवी कोण छापणार आणि हंगाम संपल्यावर ती कोण उतरवणार, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.