दोन सळ्या जादा टाकल्या की बीम मजबूत होतो?

घर बांधायला काढलं की एक फॉरवर्ड मोबाइलवर येऊन पडतोच. त्यातले दावे चार. डिझाइनपेक्षा दोन सळ्या जादा टाका, बीम तेवढा मजबूत. मुख्य सळ्यांभोवती गुंडाळलेल्या रिंगा फक्त सळ्या जागेवर धरायला असतात, त्या लांब लांब बांधा. मुख्य सळई नेहमी खालच्या अंगाला, बाल्कनीतही. आणि बीमला तडा दिसला की बीम गेला.

जादा सळ्यांचा दावा सगळ्यांत लाडका आणि सगळ्यांत फसवा. दोन टेकूंमधला बीम वाकतो तेव्हा वरचं काँक्रीट दाबलं जातं आणि खालची सळई ताणली जाते. दोन्ही बलं सारखीच असावी लागतात. सळ्या वाढवल्या म्हणून वरचं काँक्रीट वाढत नाही.

नेहमीचा बीम घ्या: 230 मिमी रुंद, 450 मिमी खोल (म्हणजे वरपासून तळापर्यंत), एम 20 प्रतीचं काँक्रीट, एफई 500 प्रतीची सळई. वरच्या सळ्या हिशेबात न धरता, खाली 16 मिमीच्या तीन सळ्यांवर तो वाकवणारं बल साधारण 90 किलोन्यूटन-मीटरपर्यंत घेतो. चौथी टाकली की आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय कोडने सळ्यांवर घातलेली मर्यादा ओलांडली जाते. पुढे कितीही सळ्या कोंबा, हिशेबात सुमारे 103 च्या वर धरता येत नाही. उलट त्याच तीन सळ्या ठेवून बीम 75 मिमी, म्हणजे तीन इंच, खोल केला तर क्षमता 110 च्या आसपास जाते. मीटरमागे 43 किलो वजन वाढतं, पण त्याचा भार किरकोळ. शिवाय ताठपणा बीमच्या खोलीच्या घनाच्या पटीत बदलतो, त्यामुळे वाकणंही बरंच कमी होतं.

पण मर्यादा का घातली, हे जास्त महत्त्वाचं. सळई बेतशीर असेल तर ती आधी ताणून लांबते, बीम खाली झुकतो, तडे रुंदावतात. घरातल्यांना बाहेर पडायला वेळ मिळतो. सळ्या फार झाल्या तर त्या लांबायच्या आतच वरचं काँक्रीट चिरडतं, आणि ते सांगून चिरडत नाही. त्यात दाटीवाटीमुळे काँक्रीट सळ्यांमधून उतरत नाही, व्हायब्रेटरची सुई जात नाही, तळाशी पोकळ्या राहतात.

रिंगांबद्दल इतकी बेफिकिरी का, कळत नाही. कॉलमजवळ बीमला तिरपे तडे पाडणारं कातर बल मुख्यतः काँक्रीट आणि रिंगाच अडवतात. सरळ रिंगांमधलं अंतर परिणामकारक खोलीच्या (बीमच्या वरच्या कडेपासून खालच्या सळईच्या मध्यापर्यंतच्या अंतराच्या) पाऊणपट किंवा 300 मिमी, यांतल्या लहान आकड्यापेक्षा जास्त चालत नाही. भूकंपरोधक बांधकामाचं आयएस 13920 तर टोकांजवळ 100 मिमीच्या पुढे जाऊच देत नाही आणि रिंगेचा हूक 135 अंशात आत वळवायला लावतं.

बाल्कनीचा सल्ला मात्र जीवघेणा आहे. बाल्कनी एकाच बाजूला धरलेली असते, त्यामुळे तिथे ताण वर आणि दाब खाली. मुख्य सळई वरच हवी. ड्रॉइंगमध्ये ती वर असतेही. काँक्रीट ओतताना घमेली घेऊन माणसं तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. म्हणून तिच्या खाली चेअर, म्हणजे तिला उचलून धरणारे सळईचे टेकू, लावून घ्या आणि ओतण्याच्या दिवशी तिथे उभे राहा. समान लांबी, समान छेद आणि समान पसरलेला भार असेल तर बाल्कनीचं टोक दोन टेकूंच्या बीमच्या मध्यापेक्षा 9.6 पट झुकतं.

छज्ज्याचं आणखी एक असतं. ज्या बीममधून तो निघतो त्याच्या मागे स्लॅब नसेल तर तो बीम नुसता वाकत नाही, पिळतोही. म्हणजे काम बीमचं आणि वागणं शाफ्टचं, यंत्रातल्या फिरत्या दांड्याचं. पिळाचा ताण मध्यभागी शून्य आणि बाहेरच्या पृष्ठभागाकडे सर्वाधिक. म्हणूनच ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट पोकळ नळीचा करतात: गोल शाफ्टला निम्म्या व्यासाचं भोक पाडलं तर वजन 25 टक्के घटतं, ताकद जेमतेम 6 टक्के. बीममध्ये पीळ घेण्यासाठी कडेने फिरणारी बंद रिंग लागते, कोपऱ्यांत सळ्या लागतात. वरून उघडी यू आकाराची रिंग इथे कामाची नाही, आणि मधोमध टाकलेली जादा सळईही फारशी नाही.

राहिला तडा. आरसीसी बीमच्या हिशेबात ताणाखालचं काँक्रीट तडकलेलंच धरलेलं असतं. मध्यावर तळाशी केसाएवढे उभे तडे येणं नेहमीचं, साधारण 0.3 मिमीपर्यंतची रुंदी कोडला चालते. टेकूजवळचा तिरपा तडा, सळईच्या रेषेत धावणारा आणि गंजाचे डाग सोडणारा तडा, किंवा महिन्यागणिक रुंदावणारा कोणताही तडा दिसला, तर प्लास्टर मारून झाकू नका. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.