पाटणचे पाणी आणि आपला महाल

नेपाळला निघालेल्या नागपूरकराला मिळणारे सल्ले बहुधा ठरलेले असतात. पशुपतिनाथाचे दर्शन, पोखऱ्याचा तलाव, जमल्यास मुक्तिनाथ आणि परतण्याआधी ठमेलच्या बाजारात खरेदी. यांतले काहीही टाकाऊ नाही. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने एक संपूर्ण दिवस काठमांडूजवळ, बागमती नदीच्या दक्षिणेला वसलेल्या पाटणसाठी, म्हणजेच आजच्या ललितपूरसाठी, राखून ठेवावा आणि तो गाडीत बसून न घालवता पायी घालवावा, असे तिथून आल्यापासून मी भेटेल त्याला आग्रहाने सांगत आहे. एखादे जुने शहर नव्या काळातही स्वतःच्या पायावर कसे उभे राहू शकते, हे मला तिथे दिसले. ते पाहताना मनात सतत नागपूरच्या जुन्या वस्त्या, आपला महाल आणि इतवारी, आणि नाग नदी होती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

काठमांडूहून पाटणला टॅक्सीने जाता येते. भारतीयांना व्हिसा लागत नाही, जुन्या राजवाड्यासमोरच्या दरबार चौकाच्या तिकिटालाही सार्क देशांच्या नागरिकांसाठी कमी दर आहे, हिंदी जवळजवळ सर्वांना समजते. घड्याळ मात्र पंधरा मिनिटे पुढे करून घ्यावे लागते. शक्यतो सकाळी लवकर पोचावे, कारण त्या वेळी चौक पर्यटकांचा नसतो, तिथल्या रहिवाशांचा असतो. देवळांच्या पायऱ्यांवर आणि ‘पाटी’ म्हणतात त्या उघड्या ओसऱ्यांवर म्हातारी माणसे ऊन खात बसलेली असतात, शाळकरी मुले चौक ओलांडून जात असतात आणि फुले विकणाऱ्या बायकांभोवती गर्दी असते. समोरच १६३७ मध्ये राजा सिद्धिनरसिंह मल्लाने बांधलेले कृष्णमंदिर आहे. संपूर्ण दगडी, शिखरशैलीचे, एकवीस कळसांचे. त्याच्या एका मजल्यावर महाभारतातले आणि त्यावरच्या मजल्यावर रामायणातले प्रसंग कोरले आहेत, आणि प्रसंगांखाली नेवारी भाषेत मजकूर आहे. मराठी माणसाला चित्रे पाहूनच कथा ओळखता येते, त्यामुळे तिथे बराच वेळ जातो.

माझा मात्र त्याहूनही अधिक वेळ गेला तो चौकाच्या उत्तर टोकाजवळच्या मंग हिटीपाशी. हिटी म्हणजे जमिनीच्या पातळीखाली बांधलेले सार्वजनिक पाणवठे. रस्त्यावरून पायऱ्या उतरून खाली जावे लागते आणि तिथे मकराच्या मुखाच्या दगडी धारांमधून पाणी पडत असते. मंग हिटी इ.स. ५७० च्या सुमाराची, लिच्छवी राजांच्या काळातली आहे. चौदाशे वर्षांहून जुन्या त्या धारांखाली बायका एकामागून एक कळशा आणि प्लास्टिकचे कॅन लावत होत्या आणि आपली पाळी येईपर्यंत गप्पा मारत उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंना मी विचारले, “दीदी, घरी नळ नाही का?” त्या म्हणाल्या की नळ आहे, पण त्याला रोज पाणी नसते, आणि देवपूजेला तर पाणी इथलेच लागते. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपल्या मालकीच्या वस्तूविषयी माणूस बोलतो तसे त्या बोलत होत्या.

या धारा नुसत्या पुरातन म्हणून कौतुकाच्या नाहीत. त्यामागची योजना समजून घेण्यासारखी आहे. पाटणच्या दक्षिणेकडच्या डोंगरपायथ्याशी, टीकाभैरव परिसरातून, ‘राजकुलो’ नावाच्या कालव्याने पाणी शहराच्या बाजूला आणले जाई आणि तळ्यांमध्ये साठवले जाई. तळ्यांतून ते जमिनीत मुरे, भूजलाची पातळी टिकवून धरी, आणि तेच भूजल वाळू-खडीच्या थरांतून गाळून, मातीच्या व दगडाच्या पन्हळींनी हिटीपर्यंत पोचे. हिटीतून वाहून गेलेले पाणीही वाया जात नसे. ते पुढच्या तळ्याकडे किंवा शेताकडे वळवले जाई. कालवा, तळे, जमीन आणि धार ही एकच साखळी होती, आणि तिची काळजी घेण्याचा दिवसही पंचांगात बांधून ठेवलेला होता. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला नेवार समाज, म्हणजे या खोऱ्यातले जुने रहिवासी, ‘सिठी नख’ हा सण साजरा करतो. पावसाळ्याच्या तोंडावर, भूजल सर्वांत खाली गेलेले असताना, लोक विहिरी, तळी आणि हिटी उपसून स्वच्छ करतात आणि मग घरी डाळीचे ‘वो’ आणि तांदळाच्या पिठाची ‘चतामरी’ करून जेवतात. विहीर उपसण्यासाठी वर्षातला याहून योग्य दिवस निवडता आला नसता.

सगळे तिथे सुरळीत आहे, असे चित्र मी उभे करणार नाही. कालवे तुटले, तळी बुजवून त्यांवर इमारती झाल्या, खोल पाये आणि उपसा करणाऱ्या विहिरी यांनी भूजल ओढून घेतले, आणि खोऱ्यातल्या कितीतरी हिटी कोरड्या पडल्या. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस अतिवृष्टीने काठमांडू खोऱ्यात महापूर आला, त्यात ललितपूरचे नदीकाठही बुडाले. पण जिथे वस्तीने लक्ष घातले तिथे धार टिकली आहे. पाटणमधल्याच आल्को हिटीवर स्थानिक रहिवाशांनी समिती करून जादा पाणी टाकीत साठवले आणि ते आसपासच्या घरांना वाटून देण्याची व्यवस्था बसवली.

हीच वृत्ती भूकंपानंतर दिसली. २५ एप्रिल २०१५ च्या, ७.८ तीव्रतेच्या भूकंपात दरबार चौकातली चारनारायण आणि हरिशंकर ही मंदिरे पूर्ण कोसळली, मंग हिटीलगतचे मणिमंडपही पडले. आज ती पुन्हा उभी आहेत. ढिगाऱ्यातून कोरीव तुळया, टेकू, चौकटी वेचून काढून जपल्या गेल्या आणि त्यांतले जे वापरण्याजोगे होते ते पुन्हा जागच्या जागी बसवले गेले. हे शक्य झाले, कारण लाकूड कोरणारे, धातू ओतणारे आणि दगड घडवणारे कारागीर पाटणच्या गल्ल्यांमध्ये आजही पोट भरून आहेत. मोडलेला टेकू जुन्यासारखाच कोरून देणारा माणूस शोधायला परगावी जावे लागत नाही. आपल्या चितार ओळीत गणपतीच्या मूर्ती घडवणारी कुटुंबे पाहताना मला नेहमी अभिमान वाटतो. पाटणहून आल्यावर त्या अभिमानात काळजीही मिसळली आहे, कारण ज्या शहरातले कारागीर संपतात त्या शहराला आपली जुनी वास्तू दुरुस्त करता येत नाही, फक्त पाडता येते.

दुपारी मी हिरण्यवर्ण महाविहारात गेलो. चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवून आत गेल्यावर सोनेरी पत्र्याने मढवलेला चौक लागतो, त्यात कासवे फिरत असतात आणि मुख्य पूजा बारा वर्षांहून लहान मुलगा ठरावीक मुदतीसाठी करतो. दीक्षाभूमीच्या गावाहून गेलेल्या माणसाला तिथे उभे राहिल्यावर १९५६ साल आठवल्याशिवाय राहत नाही. १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा घेतल्यानंतर महिनाभरातच बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. विहारातली तांत्रिक परंपरा आणि आपल्याकडचा धम्म यांत मोठे अंतर आहे, आणि त्या अंतरासह दोन्ही समजून घ्यायला हवीत, असे मला वाटते.

हे सारे टिकले कशाने, याचे एक महत्त्वाचे उत्तर म्हणजे ‘गुठी’. देऊळ, पाटी, हिटी किंवा जत्रा यांच्या खर्चासाठी जमीन लावून दिलेली असते आणि तिच्या उत्पन्नातून ठरलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले काम करतात. पावसाचा देव मानल्या जाणाऱ्या रातो मच्छिंद्रनाथाचा गगनाला भिडणारा रथही असाच वाटून घेतलेल्या कामांतून उभा राहतो. जून २०१९ मध्ये सरकारने गुठींचा कारभार नव्या कायद्याखाली आणायचे ठरवले, तेव्हा हजारो लोक काठमांडूच्या रस्त्यांवर उतरले आणि ते विधेयक मागे घ्यावे लागले. गुठींमध्येही जातीची उतरंड आहे आणि जमिनी लाटल्याच्या कहाण्या आहेत, त्यामुळे ती व्यवस्था जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. त्यातला उचलण्यासारखा भाग एवढाच, की पाणवठ्याची जबाबदारी कोणाची, हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत असते.

आपल्याकडे नेमके हेच कोणाला माहीत नसते. नाग नदीने ज्या शहराला नाव दिले, त्या शहरात ती नाला म्हणून ओळखली जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा ही नदी आहे याची आठवण झाली आणि चिखल वाळला तशी ती आठवणही गेली. महाल आणि इतवारीतल्या जुन्या विहिरींपैकी काहींवर लोखंडी जाळी आहे, काहींत निर्माल्य सडते आहे, तर काही बुजल्या आहेत. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे, म्हणजे नीरीचे, मुख्यालय ज्या शहरात आहे तिथे ज्ञानाची वाण आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. माणसांचीही वाण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाचे प्रतीक असलेले मोठे पुतळे, घेऊन मिरवणूक याच गल्ल्यांतून निघते. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही मिरवणूक कोणत्याही सरकारी खात्याच्या जोरावर चाललेली नाही. ती वस्त्यांनी, समाजांनी आणि उत्सव समित्यांनी चालवली आहे.

म्हणून माझी विनंती महापालिकेच्या आधी या समित्यांना आणि गणेश मंडळांना आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या वस्तीतली एकच विहीर दत्तक घ्यावी, तिचे पाणी तपासून घ्यावे, आणि मृग लागण्यापूर्वीचा एक रविवार ती उपसण्यासाठी कायमचा ठरवून टाकावा. वर्गणीतला लहानसा वाटा त्यासाठी बाजूला काढता येईल. महाल, इतवारी, गांधीबाग किंवा जुन्या शुक्रवारीत ज्यांच्या वाड्यात अथवा गल्लीत पाणी असलेली विहीर अजून आहे, त्यांनी तिची जागा आणि आजची अवस्था मला कळवावी. यादी करण्याचे काम मी अंगावर घेतो.